लस : धाकानं नको, हक्कानं हवी



भाताची झोडणी उरकत आली आहे. नागली-वरई घरात आली. दिवाळी झाली तशी पाड्यापाड्यांवरून भट्टीवर जाणाऱ्या टेम्पोंची ये-जा सुरू झाली. कितीतरी घरांच्या दाराला कडी लागली आहे, मागे उरली आहेत ती म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेतली पोरं. अशाच वेळी २०२१ साली करोनाचं नाव पुन्हा निघालं. ४ डिसेंबरला राज्यातला ओमायक्रॉनचा पहिला रोगी सापडला, तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीला. परदेशातून विमानानं रोग आला.

डोंबिवली आपल्यापासून लांब नाही. तिथूनच कसारा लोकल जाते. आसनगावला उतरायचं, शहापूरहून एसटी नाहीतर जीप पकडायची की डोळखांब. भाजी, करवंदं, मोहाची फुलं, सरपण घेऊन आपल्या बाया ज्या वाटेनं कल्याणच्या बाजारात जातात, त्याच वाटेनं रोग उलटा येतो. २०२० साली तो असाच आला होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भट्टीवरची माणसं पोरंबाळं डोक्याखांद्यावर घेऊन चालत पाड्यावर आली. ते दिवस कोणी विसरलेलं नाही.

म्हणून या अंकात लसीवर आणि मास्कवर लिहायचं ठरवलं. पाड्यांवरच्या बैठकांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सुई घेतल्यानं माणूस मरतो का? पोरं होत नाहीत का? आणि जे सरकार आमच्या जमिनीचा कागद पंधरा वर्षं देत नाही, त्याला आताच आमची एवढी काळजी का? हे प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी म्हणायला आम्ही तयार नाही. हे प्रश्न अनुभवातून आलेले आहेत, त्यांना सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

भीती कुठून आली?

आणीबाणीच्या काळात नसबंदीसाठी माणसं कशी धरून नेली, हे आजही जुनी माणसं सांगतात. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधानसभेनं सक्तीच्या नसबंदीचा कायदासुद्धा मंजूर केला होता. ज्यानं ते पाहिलं, त्याच्या नातवाला सरकारी सुईचा संशय आला तर त्यात नवल काय? गावात खाकी कपड्यातला माणूस आला की तो दंड करायला, लाकूड जप्त करायला नाहीतर रोपं उपटायला आलेला असतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. मग एक दिवस गाडी येते, चारजण उतरतात आणि म्हणतात, "चला, हात पुढे करा." पोरं-बाया रानात पळतात. त्यांना हसणं सोपं आहे.

जबरदस्तीनं भीती वाढते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातही दिसलं होतं. १८९७ साली प्लेगची साथ आली तेव्हा गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, माणसं ओढून नेली. लोक रोगापेक्षा झडतीला जास्त भ्यायले आणि आजारी माणसं लपवू लागले. त्याच साथीत, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं प्लेगची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. साथ एकच होती, पण कोणी धाकानं गेलं आणि कोणी जिवाची जोखीम घेऊन माणुसकीनं गेलं. लोकांनी कोणाचं नाव जपलं, ते आपल्यासमोर आहे.

दंडावरची खूण

आता दुसरी बाजू बघा. साठीच्या पुढच्या माणसाच्या दंडावर देवी काढल्याच्या गोल खुणा आहेत. त्या काळी भिंतीभिंतींवर लिहिलेलं असायचं, "देवीचा रोगी कळवा, एक हजार रुपये मिळवा." देवीनं घरंच्या घरं बसायची, जगलेल्याचं तोंड व्रणांनी भरायचं, डोळे जायचे. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी झाला नाही आणि १९८० साली ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. आज विशीतल्या पोरांना देवी म्हणजे काय हेच माहीत नाही. पोलिओचंही तसंच. २०११ च्या जानेवारीनंतर देशात मूळ (वाइल्ड) पोलिओचा रोगी नाही. हे काम लसीनं झालं, आणि ती लस आपल्याच आजी-आजोबांनी, आईबापांनी घेतली होती.

लस काय करते? रानात राहणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. वाघाचा माग ओळखायला शिकलेला माणूस वाघ दिसायच्या आधीच सावध होतो. लस शरीराला रोगाचा नुसता माग दाखवते. खरा रोग आला की शरीर त्याला ओळखतं आणि तयारीनं उभं राहतं. लस घेतलेल्याला करोना होतच नाही असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. होऊ शकतो. पण दम लागून दवाखान्यात पडण्याची, जीव जाण्याची भीती खूप कमी होते. दोन्ही डोस घेतले तरच पुरता उपयोग.

सुई घेतल्यावर दंड दुखतो, एक-दोन दिवस ताप येतो, अंग मोडून येतं. हे होतंच, लपवण्यात अर्थ नाही. शरीर तयारी करतंय त्याचा तो ताप. फार क्वचित, दहा लाख डोसांमागे एखाद्यालाही नाही, एवढ्या कमी वेळा कोविशिल्डनंतर रक्ताची गुठळी झाल्याच्या नोंदी सरकारी तपासणीत निघाल्या आहेत. म्हणून सुई घेतल्यावर वीस दिवसांत छातीत दुखलं, दम लागला, पाय सुजला, किंवा डोकं फुटेल असं दुखून उलट्या झाल्या तर थेट दवाखाना गाठायचा. एवढं माहीत असलं की भ्यायचं कारण नाही.

"अमक्या गावात सुई घेतली आणि म्हातारा गेला" असं ऐकू येतं. म्हातारी माणसं सुई नसतानाही जातात, पण म्हणून प्रश्न झटकून टाकायचा नाही. लसीनंतर माणूस गेला तर त्याची नोंद आणि चौकशी करायला जिल्ह्यात समिती असते. ग्रामसभेनं ती चौकशी लेखी मागावी आणि निकाल गावात वाचून दाखवायला लावावा. आपण अफवेवर बोलायचं नाही आणि अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दावरही थांबायचं नाही. पोरं न होण्याची गोष्ट तर साफ खोटी आहे. जुलै २०२१ पासून गरोदर बायांनाही ही लस दिली, अंगावर पाजणाऱ्या आयांना त्याही आधीपासून दिली.

म्हातारी माणसं म्हणजे आपला पुरावा

आता जमिनीकडे येऊ. डिसेंबर २००६ मध्ये वनहक्क कायदा संसदेत मंजूर झाला, त्याला डिसेंबर २०२१ मध्ये पंधरा वर्षं झाली. कितीतरी दावे अजून पडून आहेत, कितीतरी फेटाळले, कितीकांना कसतात त्याच्या चौथाई जमिनीचा कागद मिळाला. या दाव्यांत दंडाच्या पावत्या, एकसाली प्लॉटचे कागद लागतात. पण कित्येक घरांत कागदाचा कपटा नाही, कारण पावती कधी दिलीच नाही. अशांसाठी नियम १३ मध्ये एक पुरावा दिला आहे, दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब.

म्हणजे ओटीवर बसून विडी ओढणारा म्हातारा हा चालताबोलता सातबारा आहे. कोणाच्या बापानं कुठली दळी फोडली, बांध कोणी घातला, देवराईची हद्द कुठून कुठवर, मसणवट कुठे, गुरं कुठल्या खिंडीनं जायची, कंद-भाजी कुठल्या रानातून आणायची, हे त्याच्या डोक्यात आहे. सामूहिक वनहक्काचा दावा तर या आठवणींशिवाय उभाच राहत नाही.

आणि करोना सगळ्यात आधी याच माणसांना नेतो. एप्रिल-मे २०२१ च्या लाटेत राज्यभरच्या खेड्यापाड्यांत किती माणसं "ताप-खोकला" म्हणून गेली, त्यांच्या नावापुढे करोनाही लागला नाही. प्रत्येकाबरोबर एका गावाची साक्ष गेली. वनखात्याला काही करावं लागलं नाही, पुरावा आपोआप मिटला.

म्हणून आम्ही म्हणतो की लस हा आपल्या जमिनीच्या लढाईचाच भाग आहे. साठीच्या पुढच्या माणसांना १ मार्च २०२१ पासून लस खुली झाली. तरी ज्या घरात म्हाताऱ्यानं एकही सुई घेतली नाही, त्या घरातल्या तरण्या पोरांनी आधी स्वतः घ्यावी, मग म्हाताऱ्याला हाताला धरून न्यावं. आणि परत आल्यावर त्याच आठवड्यात वनहक्क समितीनं त्याचा जबाब लिहून घ्यावा, अंगठा घ्यावा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या. ही दोन्ही कामं पुढे ढकलायची नाहीत.

मास्क कुठे, कसा

झोडणी-पाखडणीच्या वेळी आपल्या बाया नाकातोंडाला पदर बांधतात, भट्टीवर राख उडते तेव्हा गडी टॉवेल बांधतात. मास्कची रीत आपल्याला नवी नाही. खोकताना, बोलताना, हसताना तोंडातून बारीक तुषार उडतात, त्यांतून हा रोग जातो. दोन्ही माणसांचं नाक-तोंड झाकलेलं असेल तर धोका खूप कमी होतो.

एकट्यानं शेतात, रानात, गुरांमागे असताना मास्कची गरज नाही. तो लागतो एसटीत, चौदा माणसं कोंबलेल्या जीपमध्ये, लोकलच्या डब्यात, आठवडी बाजारात, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात आणि लग्नाच्या मांडवात. घरात कोणी खोकत असेल तर घरातसुद्धा. सुती कापडाचा तीन पदरी मास्क घरी शिवता येतो. रोज साबणानं धुवायचा, उन्हात वाळवायचा. हनुवटीवर टांगलेला मास्क काही कामाचा नाही, नाक झाकलं पाहिजे. पाच वर्षांखालच्या लेकरांना तो बांधू नये. बैठका आणि ग्रामसभा कोंदट खोलीत घेण्यापेक्षा आंब्याखाली घ्या, वारा फुकट आहे.

२०२१ साली मास्कचा दंड ५०० रुपये होता. रोजगार हमीची मजुरी तेव्हा २४८ रुपये होती. म्हणजे एका मास्कपायी दोन दिवसांची मजुरी. आपण मास्क बांधायचा तो रोगासाठी. पण सरकारला दंड घ्यायचा असेल तर आधी गरिबाला मास्क फुकट द्यावा, मग पावतीपुस्तक काढावं.

एक गोष्ट आणखी. दर खोकला करोनाचा नसतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर बेडका तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषध फुकट आहे. मास्क क्षयाचाही फैलाव रोखतो. करोनाच्या गडबडीत लेकरांच्या बीसीजी, गोवराच्या सुया चुकल्या असतील तर त्याही पुऱ्या करून घ्या. भगताकडे जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही. भगतांनाच आमची विनंती आहे की त्यांनी दम लागलेल्या माणसाला थांबवून ठेवू नये, आधी दवाखान्यात पाठवावं. गाव त्यांचा शब्द ऐकतो.

सरकारला सवाल

भातसा, तानसाचं पाणी आपल्या डोंगरांतून मुंबईला जातं. पाण्याला मुंबईला जायला पाइप आहे, लसीला पाड्यावर यायला रस्ता नाही. मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली तेव्हा नोंद मोबाइलवर, तीही सेकंदात करायची. आपल्या कितीतरी पाड्यांवर फोनला रेंज नाही. शहरातल्या लोकांनी घरबसल्या नोंद केली आणि गाड्या घेऊन खेड्यांतल्या केंद्रांवर येऊन लस घेतली. गावचे लोक बघत राहिले. त्यांचा आम्हाला राग नाही, जीव सगळ्यांना प्यारा आहे. पण अशी व्यवस्था करणाऱ्यांना रेंज नसलेला पाडा दिसलाच नाही. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानंही याच मुद्द्यावर केंद्र सरकारला विचारलं. पुढे २१ जूनपासून सगळ्यांना सरकारी केंद्रावर फुकट आणि थेट जाऊन लस मिळू लागली.

मग उलट टोक सुरू झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लसीचा एकही डोस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. हे आपल्याकडे येऊ द्यायचं नाही. रेशन अन्नसुरक्षा कायद्यानं मिळतं, त्या कायद्यात लसीची अट नाही. पोटावर पाय देऊन टोचलेली सुई पुढच्या पिढीचीही भीती वाढवील. कोणी रेशन अडवलं तर नाव, तारीख लिहून संघटनेला कळवा.

आशाताईंशी मात्र भांडू नका. त्याही आपल्यासारख्याच राबणाऱ्या आहेत. मानधनासाठी त्यांनी जून २०२१ मध्ये राज्यभर संप केला होता. त्यांचा लढा तो आपला लढा.

आमच्या मागण्या

१. लस पाड्यावर आली पाहिजे. ३ नोव्हेंबर २०२१ पासून 'हर घर दस्तक' मोहीम चालू झाली. घरी येणं हे त्यांचं काम होतं. येण्याची तारीख चार दिवस आधी ग्रामसभेला कळवावी, संध्याकाळची वेळ ठेवावी, म्हणजे मजुरी बुडणार नाही.

२. भट्टीवर लस द्यावी. १५ डिसेंबर २०२१ ला ज्यानं कोविशिल्डची पहिली सुई घेतली त्याची दुसरी तेव्हाच्या नियमानं ८४ दिवसांनी, ९ मार्चला येत होती. तेव्हा आपली माणसं भिवंडी, कल्याण, वसईच्या भट्टीवर असणार. शेठनं त्या दिवशीची आणि तापाच्या दिवसाची मजुरी कापू नये, उचलीत धरू नये.

३. आधार नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. ओळखपत्र नसलेल्यांना लस देण्याची पद्धत केंद्र सरकारनं मे २०२१ मध्येच ठरवून दिली होती. कातकरी वाड्यांवर ती आधी लागू करा.

४. कोणती लस, दुसरी कधी, त्रास झाला तर कुठे जायचं, हे आपल्या भाषेत सुई टोचण्याआधी सांगावं.

५. करोनानं गेलेल्या माणसाच्या वारसाला ५० हजार रुपये द्यायचा निर्णय २०२१ साली झाला. त्याचे अर्ज मोबाइलवर भरून घेऊन भागणार नाही, तलाठ्यानं गावात बसून ते भरून द्यावेत.

आपण काय करायचं?

ग्रामसभा बोलवा आणि वनहक्काच्या दाव्याची यादी करतो तशी घरवार यादी करा. कोणाची एक सुई झाली, कोणाच्या दोन, कोणाची एकही नाही. साठीवरच्यांची नावं वर लिहा. ठराव करून त्याची प्रत आरोग्य केंद्रात द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय कागद द्यायचा नाही, हे आपण दाव्यांच्या वेळी शिकलो आहोत. भट्टीवर जाणाऱ्यांनी पहिल्या सुईचा कागद जवळ ठेवावा, आणि कोणाच्या मोबाइल नंबरवर नोंद झाली तो नंबर लिहून घ्यावा. २०२१ साली एका नंबरावर चारजणांची नोंद होत होती. तो नंबर हरवला तर दुसऱ्या सुईला आणि दाखल्याला हेलपाटे पडतात. २०२१ साली दाखला नसेल तर लोकलचा पासही मिळत नव्हता.

ज्याला नकोच असेल त्याच्याशी बोला, पुन्हा बोला, त्याच्या शंकांना उत्तर द्या. त्याला वाळीत टाकू नका, पाण्यावरून हटकू नका.

दिल्ली-मुंबईत आपलं सरकार असेल नसेल, गावात आपणच सरकार, असं आपण म्हणतो. मग गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची, लेकुरवाळ्यांची, भट्टीवर गेलेल्यांची काळजी घेणं हे या सरकारचं पहिलं काम आहे. जंगल आपण मागून घेतलं, जमीन मागून घेतोय. लसही तशीच मागून घेऊ, पाड्यावर आणायला लावू. कसणारे हात आणि साक्ष देणारी तोंडं जिवंत राहिली तरच हा लढा पुढे जाईल.

जल-जंगल-जमीन आमच्या हक्काची!
आदिवासी एकजूट जिंदाबाद!